मावशीचा बाहेर गेलेला डबा

आमच्या मावशीनं उलटं करून पाहिलं नाही असं एकही पितळेचं भांडं चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत आता उरलेलं नाही. एखादं राहिलंच असेल तर ती येणार असं कळल्यावर कुणीतरी घाईघाईनं माळ्यावर टाकलेलं असेल. मावशी म्हणजे माझ्या बायकोची मावशी, नात्यानं माझी मावससासू. तोंडावर मी तिला अहोजाहो करतो, पण लिहायला बसलो की 'ती'च येतं, त्याला माझा इलाज नाही. सावली या तालुक्याच्या गावाहून वैनगंगेकडे जाताना लागणाऱ्या एका धानाच्या गावात ती राहते. अंगानं काटकुळी, गुडघे कुरकुरणारे, आवाज मात्र असा, की एका धुऱ्यावरून तिनं चहा झाला म्हटलं की चार बांध्यांपलीकडचा माणूस विळा खाली ठेवतो. ती कुणाच्या घरी गेली की घरची बाई गडव्यातून पाणी आणते. मावशी पाणी पिते, गडवा पालथा करते, हात लांब धरून बुडाशी कोरलेलं नाव वाचते आणि मगच विचारते, "बऱ्या आहात ना?"

भांड्यावर नाव घालायची रीत सगळीकडचीच, पण मावशीच्या सासरी ते बुडाशी घालत. काठावरचं नाव घासून घासून जातं आणि झाकणं तर लग्नकार्यात बदलतातच, असा त्या घराचा अनुभव. त्यामुळे ओळख पटवायची तर भांडं उलटं करण्यावाचून गत्यंतर नाही. हे मला माझ्या लग्नातच कळलं. पंगत बसली होती. माझ्या वडिलांपुढं मानानं पितळी ताट वाढलं होतं, वरण, भात, भाजी, वर तुपाची धार. वडील घास उचलणार तोच मावशी पुढं आली. "जरा हात थांबवा, इवाईबापू," असं म्हणत तिनं भरलं ताट दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचललं, मान मागं टाकून बुड वाचलं आणि "नाई, आपलं नाई" म्हणत परत ठेवलं. वरणाचा एक ओघळ वडिलांच्या कोऱ्या सदऱ्यावर उतरला होता. माझे वडील कोरपन्याचे, बोलण्यात कुणाला हार न जाणारे, पण त्या दिवशी त्यांनी फक्त पुसायला पाणी मागितलं. पुढं आयुष्यभर ते तिची चौकशी "त्या ताटवाल्या बाई कशा आहेत?" अशीच करत.

आपली भांडी मात्र मावशी कुणाला ओळखू येणार नाहीत अशी ठेवत नाही. पितळ, स्टील, ॲल्युमिनियम, सगळ्यांवर नाव. प्लास्टिकच्या बादल्यांवर तापल्या खिळ्यानं नाव. नाव घालणारा माणूस सावलीच्या बाजारात आला की दुपारपर्यंत तो मावशीचाच असतो. माझ्या पाण्याच्या स्टीलच्या बाटलीवर, मला न विचारता, माझं नाव आणि त्याखाली 'सावलीचे जवाई' असं कोरलेलं आहे. मी म्हटलं, मावशी, मी राहतो चंद्रपूरला, मूळचा कोरपन्याचा, सावली कशाला? तर म्हणाली, "बाटली हारपली तं मले आनून देतीन. तुमच्या चंद्रपुरात कोन कोनाले ओळखते?" ही बाटली मी दोनदा विसरलो आणि दोन्ही वेळा ती खरोखरच मावशीकडे पोचली. एकदा तर पार अहेरीहून, एसटीच्या कंडक्टरच्या हातून. तेव्हापासून मी या विषयावर वाद घालत नाही.

पण तिचा खरा कायदा वेगळाच आहे. तिच्या घरून भांडं गेलं की ते परत यायलाच हवं, आणि येताना रिकामं येता कामा नये. मूठभर तांदूळ, चार मिरच्या, काहीच नसेल तर गुळाचा खडा, पण काहीतरी आत हवं. आणि जोवर भांडं बाहेर आहे तोवर मावशी गाव सोडत नाही. डोळ्याच्या ऑपरेशनच्या दिवशी मी गाडी घेऊन दारात उभा, दवाखान्याची वेळ ठरलेली, आणि मावशी ओट्यावर बसलेली. का, तर मोठा गंज, म्हणजे भाताचं पातेलं, शेजारी गेला होता. मी तणतणत शेजारी गेलो तर त्या गंजात भात रटरटत होता. शेजारीण म्हणाली, बसा भाऊ, होतेच आता. भात झाला, निवला, मी तो जेवलो, गंज घासला गेला, त्यात दोन वांगी पडली आणि तो घरी आला. मग मावशी गाडीत बसली. दवाखान्यात आमचा नंबर निघून गेला होता. डॉक्टर चिडले तेव्हा मावशी त्यांना शांतपणे म्हणाली, "तुमी आपली सुई बाहेर ठेवून घरी जाता का?"

हे सगळं वेड नाही, यामागं एक डबा आहे. बांगलादेशच्या लढाईच्या वेळी मावशी नुकती लग्न होऊन आलेली होती. त्या दिवसांत फौजेच्या गाड्या बल्लारशा स्टेशनवरून जात आणि गावोगावच्या बाया त्या फौजी पोरांना खाऊ घालायला तिथं जात. मावशीच्या गावाहून जायला साधन नव्हतं, तेव्हा लाकूड घेऊन डेपोत निघालेला एक ट्रक गावानं थांबवला आणि सागाच्या ओंडक्यांवर बसून बाया बल्लारशाला गेल्या. मावशीच्या मांडीवर सासूचा बसका, दोन कड्यांचा पितळी डबा होता, लाखोरीच्या डाळीचे वडे भरलेला. बुडाशी सासूचं नाव, 'भागरथा', आणि त्याखाली गावाचं नाव. गाडी थांबली. खिडकीतल्या एका पोरानं डबा घेतला, स्वतः एक वडा घेतला आणि डबा मागं दिला. तो या हातातून त्या हातात बोगीच्या दुसऱ्या टोकाला गेला, आणि गाडी हलली. मावशी गाडीबरोबर धावायला लागली. पोरगा मागं वळून ओरडला, डबा काही येईना. तेव्हा त्यानं कमरेला अडकवलेला आपला पाणी प्यायचा मग सोडला, खिडकीतून तिच्या हातात दिला, आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवून नंतर तिच्याकडे बोट दाखवलं. मी आणून देईन, असं. भाषा त्याची कुठली होती ते तिला कळलं नाही, पण एवढं कळलं.

सासू जाईपर्यंत मावशीनं त्या डब्यावरून ऐकून घेतलं. घरात चमचा हरवला तरी सासू म्हणायची, पाहा, बल्लारशाले गेला असन. मावशीला त्याचं काही वाटत नसे. तिला लागलं ते दुसरंच. लढाई संपली, वर्षं गेली, डबा आला नाही, तेव्हा गावातली एक बाई सहज बोलून गेली, "डब्यावर गावाचं नाव होतं ना? पोरगं वाचलं असतं तं आनून देला असता." तेव्हापासून मावशी भांडी उलटी करते आहे. मला हे तिनं स्वतःच सांगितलं, डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेली असताना. "पितळेले काय होते जवाईबापू, ते कुठीबी राह्यते. पन पोरगं घरी पोचलं का नाई, हे मले कोनी सांगत नाई. डबा कोनाच्या हातानं, कोनत्या रस्त्यानं इकडं आला असन तं तेवढं तरी समजन." तो मग तिनं लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून फडताळात ठेवला होता. पांढरा, तामचिनीचा, निळ्या काठाचा. त्याच्या बुडाशी नाव नाही, खिळ्यानं ओरखडून काढलेला एक छोटा शेताचा नांगर आहे. त्या मगात कुणी कधी पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं. दुसऱ्याची अमानत आहे, एवढंच ती म्हणायची.

आता माझ्या तोंडानं केलेला घोळ. मागच्या हिवाळ्यात तिच्या ओट्यावर बसून पेपर वाचताना मी मोठ्यानं वाचलं, की नागपुरात एका जुन्या बंगल्यात नवीन संग्रहालय झालंय, लढाई चालू असताना घरोघरच्या साध्या माणसांनी दिवस कसे काढले ते दाखवणारं. आणि तिथं स्टेशनांवर बायांनी फौजींना दिलेले, फौजींबरोबर निघून गेलेले डबेही ठेवलेत. बायकोनं मला डोळ्यानं दटावलं, पण उशीर झाला होता. मावशी उठून आत गेली. तिच्या मुलानं समजावलं, आई, मळणीचे चुरणे सुरू आहेत, तुझे गुडघे, नागपूर का जवळ आहे. मावशी म्हणाली, "मी काई तुले पाठीवर घे म्हनत नाई. मी जाऊन राह्यली. जवाईबापू येत असन तं येतीन, नाई तं एसटी हाये." पण गावात तिची तीन भांडी बाहेर होती, ती गोळा होईस्तोवर मी तिथंच मुक्काम केला. निघताना तिच्या पिशवीत दोन वस्तू होत्या. एक तो गुंडाळलेला मग. दुसरा नवा कोरा स्टीलचा डबा, लाखोरीच्या वड्यांनी भरलेला, बुडाशी स्वतःचं नाव घातलेला. बेत असा होता की आपला डबा सापडला तर उचलायचा आणि त्या जागी हा ठेवायचा, म्हणजे कुणाची मांडणी उघडी पडायला नको. आणि त्या पोराचा मग तिथंच सोपवायचा. "माझ्यामागं तो कोन सांभाळन," ती म्हणाली.

संग्रहालयाच्या दारात मावशीनं चपला काढल्या. आत लढाईच्या काळातलं घर उभं केलेलं होतं, स्वयंपाकघर, रेशनचा डबा, काचांना काळा कागद, कोपऱ्यात अर्धवट विणलेला स्वेटर. मावशीनं माहिती सांगणाऱ्या मुलीला विचारलं, "घरवाले कुठी गेले, बाई?" ती म्हणाली, आजी, हे नुसतं दाखवायला आहे, इथं कुणी राहत नाही. मावशीला ते फारसं पटलं नाही. चुलीजवळ जायचं म्हणून तिनं पाय धुवायला पाणी मागितलं. काळा कागद कशाला, तर वरून विमानाला दिवा दिसू नये म्हणून, असं मुलीनं सांगितलं, तेव्हा मावशी म्हणाली, "आमच्याकडं दिवेच नोहते. आमच्या गावाले तं विमानानं पायलंबी नसन." मुलगी हसली, आणि पुढं आमच्याबरोबरच राहिली.

डबे होते ते दालनाच्या टोकाला, काचेच्या फळीवर, पुढं दोरी लावलेली. पाटीवर लिहिलं होतं, हात लावू नये. मावशीनं पाटी दोनदा वाचली. मग तिनं पदर कमरेला खोचला आणि माझ्याकडे पिशवी देऊन सरळ खाली बसली, बसून उताणी झाली आणि फरशीवरून सरकत फळीच्या खाली गेली. काच होती ना, खालून सगळी बुडं दिसत होती. रखवालदार धावत आला. मी हात जोडले. आतून आवाज आला, "भाऊ, हात लावला का मी? नाई ना? मंग थोडं बाजूले व्हा, उजेड अडून राह्यला." रखवालदार खरंच बाजूला झाला. त्या मुलीनं मोबाईलचा दिवा लावून धरला. आणि मावशी एकेक नाव मोठ्यानं वाचायला लागली. गंगूबाई. सुंदराबाई, आर्वी. एकावर नुसतं 'राधा'. काही अक्षरं तिला येत नव्हती, तिथं ती "ही दुसऱ्या मुलखातली" म्हणून पुढं सरकायची. फळी संपली. भागरथा नव्हती.

मी तिला हात देऊन उठवलं. गुडघे वाजले. मला वाटलं, चला, झालं. पण पलीकडे एक लहान खोली होती. मुलीनं सांगायचं टाळलं असतं तर बरं झालं असतं, पण मावशीनं सरळ विचारलं आणि तिनंही सरळ सांगितलं, की जे परत आले नाहीत त्यांच्या घरी पोचवलेल्या वस्तू तिथं आहेत. मावशी उंबरठ्याशी थांबली. मी इतक्या वर्षांत तिला कुठल्या उंबरठ्याशी थांबलेलं पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, मावशी, मी पाहून येतो. "तुमच्यानं वाचनं होत नाई," ती म्हणाली, आणि आत गेली.

आत एक घड्याळ होतं, एक कंगवा, घडी केलेला रुमाल. आणि एक पितळी डबा. तसाच, बसका, दोन कड्यांचा. मावशीनं माझं मनगट धरलं. तो लाकडी बैठकीवर, बंद पेटीत होता, खालून काही दिसायची सोय नव्हती. मावशी त्या मुलीला म्हणाली, "बाई, हा उलटा केल्याबिगर मी जाऊन नाई राह्यली." तिनं आवाज चढवला नाही की रडली नाही. पेटीशेजारी भिंतीला टेकून ती खाली बसली, एवढंच. मुलगी कुणाला तरी विचारायला गेली. बराच वेळ गेला. खरं सांगतो, तो डबा आमचा नसू दे म्हणून मी मनातल्या मनात हात जोडत होतो, ज्या डब्यासाठी इतक्या लांब आलो त्याच डब्यासाठी. मुलगी किल्ली घेऊन आली, पांढरे हातमोजे घातले, पेटी उघडली आणि डबा हळूच पालथा केला. मावशी वाकली. कुणी एक कावेरी होती. मावशीनं ते नाव बोटानं हवेतच गिरवलं, डब्याला नमस्कार केला आणि म्हणाली, "ठेव बाई, नीट ठेव."

मग तिनं मुलीला एकच प्रश्न विचारला, की बाहेरच्या फळीवरचे डबे इथं कोण आणून देतं. मुलगी म्हणाली, त्या फौजींच्या घरची माणसं देतात, आजी. म्हातारी माणसं जातात, घरात कुणी वापरत नाही, टाकवत तर नाही, मग इथं देतात. मावशी ऐकत राहिली. मला तिचा चेहरा आठवतो, धान मोजून पूर्ण भरल्यावर होतो तसा झाला होता. "म्हंजे जवाईबापू, वापरातला डबा इथी येत नाई," ती म्हणाली. "आपला त्या खोलीत नाई, या फळीवर नाई. म्हंजे तो घरी पोचला, अन् त्याच्या घरी आजबी डबा वापरून राह्यले. वापरातलं भांडं कोनी आनून देत नसते, इसरते मानूस." हा काही पुरावा नव्हे, हे मला कळत होतं. त्या मुलीलाही कळत होतं. पण मावशीनं ठरवलं होतं, आणि तिनं ठरवलेलं आजवर कुणी मोडलेलं नाही. मी म्हटलं, बरोबर आहे मावशी. मुलगीही म्हणाली, हो आजी, तसंच असेल.

मुलीनं तेव्हा मगाची आठवण काढली, वाटेत मावशीनंच तिला त्याबद्दल सांगितलं होतं. आम्ही काचेत ठेवू, नाव लिहू, म्हणाली. मावशीनं पिशवी छातीशी धरली. "तो माझ्या डब्यात खाऊन राह्यला, अन् मी त्याचा मग फडताळात कोंडून ठेवला. असं असते का कुठी?" स्टीलचा डबा मात्र तिनं त्या मुलीच्या हातात दिला, वडे तिला आणि रखवालदाराला, आणि बुडाचं नाव दाखवून बजावलं, "डबा परत पाठवजो."

येताना नागभीडला चहाला थांबलो. मावशीनं लुगड्याचा तुकडा सोडला, मग टपरीवर विसळून घेतला आणि पुढं केला. चहावाल्यानं भरला. पहिला घोट तिनं घेतला, बुडाच्या नांगरावर बोटं टेकवून. मग माझ्यापुढं धरला. "घ्या. साखर जास्ती हाये," एवढंच म्हणाली. मी घेतला, तळापर्यंत प्यायलो.

स्टीलचा डबा महिन्याभरात परत आला. त्या मुलीनं त्यात नागपूरच्या संत्र्याची बर्फी पाठवली होती, मावशीनं गावभर वाटली. आता तिचे डोळे पुन्हा मंदावलेत. भांडी ती हल्ली उलटी करत नाही, बुडावरून अंगठा फिरवते आणि ठेवून देते. मागच्या भेटीत आम्ही निघालो तेव्हा तिनं चहा भरून तो मग माझ्या हातात दिला. "वाटेत प्या. मग आनून द्या. अन् रिकामा नका आनू." ओट्यावरून उतरवेना, तिथूनच तिनं हात केला.

तो मग आता आमच्या चंद्रपूरच्या घरात आहे. मी रोज सकाळी त्यातच चहा पितो. मावशी फोनवर विचारते, "मग कवा आनता, जवाईबापू?" मी म्हणतो, आणतो मावशी, या आठवड्यात जमत नाही, पुढच्या पाहतो. ती रागावते, सावलीच्या जावयाला काही वळण नाही म्हणते. बायकोनं मगात घालायला तांदूळ कधीच निवडून ठेवलेत, ती मला सारखी म्हणते, एकदा नेऊन का देत नाही. मी नेत नाही. भांडं बाहेर असताना मावशी गाव सोडत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.